डीकनची वही

डीकन म्हणजे रविवारी अर्पणाची थैली फिरवणारी माणसं, एवढंच मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत माहीत होतं, आणि हे मी जन्मापासून चर्चमध्ये वाढलेली बाई सांगतेय. माहेर नगर जिल्ह्यातलं, आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर, घरात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, पाठांतराची बक्षिसं घेतलेली. पण माहेरची मंडळी (चर्चच्या लोकांना आम्ही मंडळी म्हणतो) सीएनआयची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, तिकडे डीकन म्हणजे पाळक, म्हणजे धर्मगुरू, होण्याआधीची पायरी, कॉलेजातून शिकून आलेला तरुण मुलगा काही महिने डीकन असतो आणि मग त्याची पुढची दीक्षा होते, त्यामुळे आपल्यासारख्या नोकरी-घरकाम करणाऱ्या माणसाला कुणी डीकन करेल हा विचार कधी मनात आलाच नव्हता. लग्न होऊन पिंपरीला आले, इथली मंडळी वेगळ्या पद्धतीची, साधारण ऐंशी घरांची, कंपन्यांमध्ये कामाला म्हणून नगर, जालना, सोलापूर, सांगलीकडून आलेल्या लोकांनी उभी केलेली. इथे पाळक एक, वडीलमंडळ, म्हणजे कारभार बघणारे 'वडील', पाच जणांचं आणि डीकन चार, ते सभासदांतूनच मतदानाने निवडायचे, तीन वर्षांसाठी.

तर २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये, हार्वेस्टचा सण होऊन गेला होता, भोपळे आणि ऊस आणि कुणीतरी आणलेला कोंबडा सगळ्याचा लिलाव झाला होता, आणि पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांनी मला थांबवलं. म्हणाले, सिस्टर, दोन डीकनची मुदत संपतेय, तीन जणांनी तुमचं नाव सुचवलंय, प्रार्थना करा आणि पंधरा दिवसांत सांगा. मी नर्स आहे म्हणून मला सगळे सिस्टरच म्हणतात, मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात ट्रेनिंग झालेलं, आता इथल्या एका खाजगी हॉस्पिटलात आहे. मी लगेच म्हटलं साहेब माझ्या शिफ्ट असतात, मला रविवारी दर वेळी थैली फिरवायला नाही जमणार. ते म्हणाले, थैली हे त्यातलं सगळ्यात छोटं काम आहे, तुम्ही आधी गुरुवारी अभ्यासाला या, मग ठरवा.

घरी मिस्टरांना सांगितलं तर ते म्हणाले तू आधीच कुणाच्या घरी बीपी बघायला जा, कुणाला इंजेक्शन दे करतेच आहेस, नावाने डीकन झालीस तर काय बिघडलं. पण मला नावाचीच भीती वाटत होती.

गुरुवारचा अभ्यास सहा आठवडे चालला. आम्ही चौघं उमेदवार, पाळकसाहेब आणि एक जुने डीकन काका, एच.ए. म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स कंपनीतून रिटायर झालेले, त्यांच्याबद्दल पुढे सांगते. पहिल्याच गुरुवारी बायबलातल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सहावा अध्याय. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली, यरुशलेमेत मंडळी वाढली, रोजची वाटणी चालायची, त्यात ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी कुरकुर झाली, मग प्रेषित, म्हणजे येशूचे मुख्य शिष्य, म्हणाले आम्ही वचनाची सेवा सोडून पंगतीची सेवा करणं बरं नाही, तुम्ही चांगल्या नावाची सात माणसं निवडा. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव, ही नावं शब्बाथशाळेत पाठ केलेली मला अजून येतात. पण पाळकसाहेबांनी विचारलं, या नावांत काय दिसतं? आम्ही गप्प. ते म्हणाले, सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्या बायाबापड्या उपाशी राहत होत्या त्यांच्यातल्याच माणसांच्या हातात सगळ्या मंडळीची पंगत दिली. मी सत्तेचाळीस वर्षं ती नावं म्हणत होते आणि हे कधी डोक्यात आलं नव्हतं, त्या रात्री नाइट ड्युटीला जाताना बसमध्ये मी तेवढाच विचार करत होते.

आणखी एक, त्या सात जणांना त्या अध्यायात डीकन असं म्हटलेलंच नाही. ग्रीक शब्द डायाकोनोस, म्हणजे सेवक, आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, फिलिप्पैकरांस पत्राच्या पहिल्या ओळीत अध्यक्ष आणि सेवक असं येतं ना, त्यातला सेवक तोच. आणि कृत्यांच्या त्या अध्यायात पंगतीच्या कामाला आणि वचनाच्या कामाला, दोन्हीला सेवा हाच शब्द आहे, एक वरचं एक खालचं असं काही लिहिलेलं नाही. मला सगळ्यात आवडलं ते काना गावच्या लग्नाचं. तिथे द्राक्षारस संपतो, येशू रांजणांत पाणी भरायला सांगतो, ते पाणी भरणारे जे नोकर आहेत त्यांना मूळ भाषेत हाच शब्द आहे, डायाकोनोस. मांडवातल्या मुख्य माणसाला कळलं नाही रस कुठून आला, पण पाणी काढणाऱ्या नोकरांना ठाऊक होतं. सहा दगडी रांजण भरायचे म्हणजे किती खेपा झाल्या असतील बघा. हे वाक्य योहानाच्या शुभवर्तमानात कंसात टाकल्यासारखं आहे, पण आमच्या अभ्यासात त्यावर एक अख्खा तास गेला.

हॉस्पिटलात माझी मैत्रीण आहे, वसईची, कॅथलिक. तिला मी सांगितलं मला डीकन करताहेत, तर ती दचकलीच, म्हणाली तू बाई ना! कारण त्यांच्याकडे डीकन हा बिशपच्या हातून दीक्षा घेतलेला पुरुषच असतो, डाव्या खांद्यावरून तिरका पट्टा घालतो, मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या उपासनेत, शुभवर्तमान वाचतो, प्रवचन करू शकतो, बाप्तिस्मा देऊ शकतो, लग्न लावू शकतो, पण मिस्सा अर्पण करता येत नाही आणि पापनिवेदन ऐकता येत नाही. तिचा भाचा फादर होण्याआधी डीकन होता. पण लग्न झालेला, घरसंसार असलेला माणूसही तिकडे कायमचा डीकन होऊ शकतो, ही जुनी पद्धत कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६७ साली पोप पॉल सहावे यांनी परत सुरू करून दिली, हे पण तिच्याकडूनच कळलं. तिनेच मला संत लॉरेन्सची गोष्ट सांगितली, रोमचा डीकन, सन २५८ मध्ये मारला गेला, अधिकाऱ्यांनी चर्चचा खजिना मागितला तर त्याने शहरातले गरीब, लंगडे, आंधळे गोळा करून समोर उभे केले आणि हा घ्या खजिना म्हणाला, अशी परंपरा आहे. आम्ही दोघी वेगवेगळ्या चर्चच्या, जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून हे बोलत बसलो होतो आणि ती सांगताना माझ्या अंगावर काटा आला.

तर बाई असण्याचा प्रश्न. आमच्या मंडळीच्या घटनेत डीकन पुरुषच असावा असं कुठेही लिहिलेलं नव्हतं, पण आजवर कुणी बाई झालीच नव्हती. जानेवारीत जनरल बॉडी बसली, तेव्हा जालन्याचे मामा उठले. मामा म्हणजे मंडळीचे सगळ्यात जुने सभासद, चर्चच्या भिंतीच्या विटा त्यांनी स्वतः उचललेल्या आहेत, त्यांच्याविषयी माझ्या मनात तेव्हाही आदर होता आणि आजही आहे. ते म्हणाले बाईंच्या सेवेबद्दल माझं काही म्हणणं नाही, माझ्या ऑपरेशनला त्या रात्रभर बसल्या होत्या, पण बायबलातल्या तीमथ्याच्या पहिल्या पत्रात लिहिलंय की सेवक एका स्त्रीचा पती असावा, मग बाई कशी बसणार त्यात? प्रश्न सरळ होता आणि मनापासून होता, त्यात डाव काही नव्हता.

पाळकसाहेबांनी उत्तर दिलं ते मला जसंच्या तसं नाही सांगता येणार, पण मुद्दा असा होता की त्याच अध्यायात, अकराव्या ओळीत, मध्येच स्त्रियांविषयी येतं, की स्त्रियांनीही तसंच गंभीर असावं, चहाडखोर नसावं, सगळ्या बाबतीत विश्वासू असावं. आता मूळ शब्द असा आहे की त्याचा अर्थ सेवकांच्या बायका असाही होतो आणि सेवा करणाऱ्या स्त्रिया असाही होतो, मोठमोठे अभ्यासक दोन्हीकडे आहेत. पण रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात फिबी आहे, तिला ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल किंख्रिया गावातल्या मंडळीची सेविका म्हणतो, शब्द तोच. आणि बायबलच्या बाहेरही आहे, सन ११२ च्या सुमाराला प्लिनी नावाचा रोमन अधिकारी, बिथुनिया प्रांताचा, सम्राट ट्राजनला पत्र लिहितो की ख्रिस्ती लोकांचं काय प्रकरण आहे हे कळायला मी दोन दासींचा छळ करून चौकशी केली, ज्यांना हे लोक सेविका म्हणतात. दोन गुलाम बाया. त्यांची नावं पण प्लिनीने लिहिली नाहीत. हे ऐकलं तेव्हा सभागृहात बायका बसल्या होत्या त्या बाजूला एकदम शांतता झाली, आणि मला तर माझं मतदान वगैरे विसरायला झालं.

मी पण उठून बोलले, दोनच मिनिटं. मी म्हटलं मी ज्या धंद्यात आहे त्याचं मूळही इथेच आहे. जर्मनीत कायझरवर्थ नावाचं गाव आहे, तिथे १८३६ साली पाळक फ्लीडनर आणि त्यांच्या बायकोने सेविकांचं घर काढलं, तरुण बायकांना आजाऱ्यांची सेवा शिकवायची म्हणून, आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५१ मध्ये तिथेच जाऊन शिकली. आम्हाला ट्रेनिंगमध्ये नाइटिंगेल बाईंचा दिवा सांगतात पण ती कुणाकडे शिकली ते फार कमी जण सांगतात. एवढं बोलून मी बसले, हात थरथरत होते.

एकसष्ट मतं पडली, चव्वेचाळीस माझ्या बाजूने, पंधरा विरोधात, दोन बाद. मामांनी विरोधात मत दिलं आणि बाहेर येऊन मला स्वतः सांगितलं, मी नाही दिलं मत. मग नेहमीसारखं सलाम म्हणून निघून गेले. त्यांचं मत आजही तेच आहे.

मतदान झालं म्हणजे झालं असं नाही, त्यानंतर वडीलमंडळापुढे मुलाखत असते आणि मग सहा महिने पारख. पारख हा शब्द शास्त्रातलाच आहे, आधी त्यांची पारख व्हावी मग त्यांनी सेवा करावी. मुलाखतीत मला वाटलं होतं वचनं विचारतील. विचारलं काय, तर घरात कर्ज किती आहे, कुणाकडून उसने घेतलेत का, मिस्टरांना हे मान्य आहे का, मुलाशी बोलणं आहे का, आणि मग एका वडिलांनी विचारलं, सिस्टर, दुतोंडी नसावं असं लिहिलंय, एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं सांगणारा माणूस, तुम्ही स्वतःबद्दल काय म्हणाल?

मी आधी नाही म्हणणार होते. पण मग आठवलं, काही वर्षांपूर्वी आमच्याच मंडळीतली एक मुलगी आमच्या हॉस्पिटलात आली होती, तिचं काय होतं ते मी इथे सांगणार नाही, आणि मी घरी येऊन ते माझ्या जावेला बोलले होते, सहज, भाजी निवडताना. जावेने पुढे कुणाला सांगितलं, ते फिरत फिरत त्या मुलीच्या सासरी गेलं. मला कुणी कधी विचारलं नाही, कुणाला कळलंच नाही की सुरुवात माझ्यापासून झाली. मी त्या दिवशी पाच वडिलांसमोर हे सांगितलं आणि रडले, म्हटलं माझं नाव काढून टाका. त्यांनी मला बाहेर बसवलं, वीस मिनिटं, माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब वीस मिनिटं असतील ती. मग आत बोलावून म्हणाले, आधी त्या मुलीकडे जा. मी गेले. तिने मला आत घेतलं, पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि म्हणाली मावशी मला माहीत होतं. एवढंच. माफ केलं असं ती म्हणाली नाही, मी पण मागे लागले नाही. तिच्या घरच्या जिन्यावर मी बराच वेळ उभी होते.

पारखीच्या सहा महिन्यांत मला डीकन काकांच्या हाताखाली दिलं. काका कमी बोलायचे. पहिला धडा पैसे मोजण्याचा. थैली उघडताना दोघं, मोजताना तेच दोघं, वहीत आकडा लिहून सह्या दोघांच्या, आणि सोमवारी बँकेत भरायला जाणार तिसराच, पावती परत वहीला लावायची. पाकिटावर नाव असतं दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, देणाऱ्याचं, ते खजिनदारासाठी, मोजणाऱ्याने नाव वाचायचं नाही, पाकीट उलटं धरून उघडायचं. मी विचारलं काका आपण तर विश्वासू लोक, एवढं कशाला, तर म्हणाले, विश्वास माणसाचा आहे म्हणूनच त्याला एकटं सोडायचं नाही पैशापाशी. दुसऱ्याच रविवारी माझ्या मोजणीत पाचशे रुपये कमी आले, तीन वेळा मोजलं, शेवटी दोन नोटा चिकटलेल्या निघाल्या, काका तेवढा वेळ शांत बसून होते, एकदाही माझ्या पर्सकडे बघितलं नाही त्यांनी, हे मला लक्षात राहिलं.

दुसरा धडा प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत पाव आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं, तयारी शनिवारी संध्याकाळी. काळी द्राक्षं उकळून, गाळून, गार करून रस करायचा, सीझन नसेल तेव्हा मनुका भिजवून, छोटे पेले धुऊन फडक्यावर उलटे घालायचे, पावाच्या कडा काढून बारीक तुकडे करायचे. मोजून करायचं, पण पाच-सहा जास्तीचे, कारण कोणीतरी नवीन येतोच. पाळक आशीर्वाद मागतात, मग आम्ही ताटं घेऊन बाकांमधून फिरतो आणि सगळ्यांचं झाल्यावर पाळक आम्हाला देतात, डीकन शेवटी. ताट हातात घेऊन मी पहिल्यांदा फिरले तेव्हा मला एक गोष्ट दिसली जी मी इतकी वर्षं बाकावर बसून कधी पाहिली नव्हती, लोकांचे हात. वेल्डिंगने भाजलेले, भांडी घासून भेगा पडलेले, एकाला दोन बोटं नाहीत, प्रेसमध्ये गेलेली. प्रवचन करणाऱ्याला चेहरे दिसतात, डीकनला हात दिसतात.

आणि तिसरी गोष्ट, वही. पैशाची नव्हे, दुसरी. काकांकडे एक लांबट रजिस्टर होतं, पुठ्ठ्याचं, त्यात मंडळीतल्या प्रत्येक घराचं एक पान. कोण आजारी, कोणाची नोकरी गेली, कोणाच्या मुलीची फी भरायची आहे, कोण किती रविवार दिसलं नाही. ही वही डीकनशिवाय आणि पाळकांशिवाय कुणी बघायची नाही. काका उपासनेत शेवटच्या बाकावर बसून डोकी मोजायचे, मला आधी वाटायचं हजेरी कशाला, पण ते आले किती ते बघत नव्हते, कोण आलं नाही ते बघत होते.

एप्रिलमध्ये त्यांनी मला विचारलं, सोलापूरच्या आजी किती रविवार नाहीत? मला सांगता आलं नाही. पाच. पाच रविवार एक म्हातारी बाई आली नाही आणि मी, जिची पारख चालू होती, मला पत्ता नव्हता. आजी मागच्या बाकावर खांबाच्या आड बसायच्या, विधवा, मुलगा-सून दोघंही मजुरीवर, दुसऱ्या मजल्यावर खोली. मी गेले, तर आजी धडधाकट होत्या, जोंधळे निवडत बसलेल्या. म्हटलं आजी तब्येत बरी मग का येत नाही, तर आधी म्हणाल्या गुडघे, मग म्हणाल्या रिक्षा, आणि चहा झाल्यावर शेवटी हळूच म्हणाल्या, बाई, थैली म्होरं येती आन् माझा हात रिकामा असतो. दोन येळा मी नुसती मूठ घातली आत, काय नव्हतं मुठीत. देवाच्या घरात खोटं नको म्हून मग येनंच सोडलं.

झालं होतं असं की नवऱ्याच्या कंपनीची फॅमिली पेन्शन यायची, थोडीच होती पण त्यांच्या हातात येणारा तेवढाच पैसा, ती बंद झाली होती, कारण हयातीचा दाखला भरलेला नाही. आणि दाखला भरला नाही कारण मशीनवर अंगठा लागत नाही. आयुष्यभर सोलापुरात विड्या वळल्या, नंतर इथे धुणीभांडी केली, बोटांवरच्या रेषाच राहिल्या नाहीत. मी माझ्या दोन सुट्ट्या टाकल्या, आधी सेवा केंद्रात गेलो, दहाही बोटं लावून बघितली, क्रीम लावून, ओल्या फडक्याने पुसून, नाही. तिसऱ्या खेपेला बँकेतल्या एका भल्या मॅनेजरने स्वतः बघून कागदावर दाखला करून दिला. महिना-दीड महिन्यानं थकलेले पैसे जमा झाले.

मला वाटलं काम झालं. काका म्हणाले, पेन्शनचं झालं, थैलीचं काय? आणखी किती जण रिकामी मूठ घालत असतील?

मग मी वडीलमंडळापुढे हा विषय मांडला, आजींचं नाव न घेता. म्हटलं थैली फिरवणं बंद करू, दाराशी पेटी ठेवू, ज्याला द्यायचं तो येता-जाता टाकेल. केवढा वाद झाला! अर्पण हा उपासनेचा भाग आहे, तो दाराबाहेर कसा काढायचा, आणि खरं तर तो मुद्दाही बरोबर होता, मलाही पटत होता. खजिनदारांची काळजी वेगळी, पेटीने उत्पन्न कमी होईल. दोन-तीन मीटिंगा झाल्या. शेवटी ठरलं ते असं, दोन्ही दारांशी पेट्या, आणि अर्पणाच्या गाण्याला डीकनांनी त्या पेट्या उचलून पुढे वेदीपाशी न्यायच्या आणि पाळकांनी प्रार्थना करायची. पहिला महिना पैसे कमी आले, खजिनदारांनी मला आकडा दाखवला, पुढे हळूहळू परत जागेवर आले. मखमलीच्या थैल्या अजून कपाटात आहेत. ज्या कामासाठी मी डीकन व्हायला नको म्हणत होते ते काम मी डीकन व्हायच्या आधीच बंद पडलं, आणि आजी परत येऊन खांबाच्या आड बसायला लागल्या.

जुलै २०१९ मध्ये नेमणूक झाली. मुसळधार पाऊस, पत्र्यावर एवढा आवाज की पाळकसाहेबांना प्रश्न ओरडून विचारावे लागले. मंडळीची गुपितं राखशील का, गरिबाला आणि श्रीमंताला सारखं बघशील का, असे. मग मंडळीला उभं करून विचारलं, तुम्ही यांना मदत कराल का, आणि सगळे होय म्हणाले. मग गुडघे टेकले आणि डोक्यावर हात ठेवले, पाळकांचा आणि पाच वडिलांचे. सहा हातांचं वजन असतं हो, मान खाली जाते. मला त्या वेळी ती मुलगी आठवत होती, जिन्यावरची.

पुढच्या मार्चमध्ये लॉकडाऊन. चर्चला कुलूप, पेट्या आत, आणि माझी हॉस्पिटलात डबल ड्युटी. त्या दिवसांत वहीची किंमत कळली मला. जे मागतात त्यांना कुणीही देतं, पण आमच्याकडे असे होते की ज्यांनी आयुष्यभर दिलंच होतं, खाजगी शाळेतला सर ज्याचा पगार थांबला, मांडव-डेकोरेशनवाला, रिक्षा असलेला भाऊ, ते मरतील पण फोन करणार नाहीत. आम्ही चौघा डीकननी पानं वाटून घेतली आणि एकेका घरी आपणहून फोन केला, आणि फोनवर मदत पाहिजे का असं विचारायचं नाही हे आधीच ठरलं होतं, कारण त्याचं उत्तर नाही असंच येतं. विचारायचं, गॅस कधी संपतोय, तांदूळ किती आहेत. एकतीस घरं निघाली. पाच किलो तांदूळ, डाळ, तेल, साखर, चहा, मीठ, साबण. पिशव्या भरायला सगळ्यात आधी यायचे ते जालन्याचे मामा, मास्क लावून, आम्ही नको नको म्हणत असताना. पिशव्या पोलिसांचा पास काढून पहाटे पोचवायच्या, शेजारी उठायच्या आत, फोटो अजिबात काढायचे नाहीत. पैसे कमी पडले तेव्हा इमारत दुरुस्तीच्या फंडातून घेतले, त्यावर एकाही माणसाने तोंड उघडलं नाही.

२०२१ च्या एप्रिलमध्ये डीकन काका गेले. ऑक्सिजन बेड मिळाला, पण उशिरा. पाळकसाहेब स्वतः पॉझिटिव्ह होऊन घरात बंद, काकांचा मुलगा पण. कबरस्थानात आम्ही चौघंच, पीपीई किट घातलेले, त्यात मी एक. पाळकसाहेबांनी फोनवर सांगितलं, सिस्टर, तुम्ही वाचा. मी तेविसावं स्तोत्र वाचलं, चष्म्यावर वाफ धरलेली, अक्षरं दिसत नव्हती, पाठ होतं म्हणून निभावलं. मूठभर माती टाकताना हातात ग्लोव्हज होते, मातीचा स्पर्शच झाला नाही, याची मला अजून हळहळ वाटते. वही त्यांच्या घरी होती. पंधरा दिवसांनी त्यांच्या मुलीने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मला आणून दिली, उघडलीसुद्धा नव्हती तिने.

२०२२ च्या जुलैत माझी मुदत संपली. आमच्याकडे लागोपाठ दुसऱ्यांदा राहता येत नाही, मधे निदान तीन वर्षं बाकावर बसायचं, आणि हा नियम मला पटतो. माझ्या जागी एक तरुण मुलगी आली, बँकेत आहे, चुणचुणीत. तिला मी दोन संध्याकाळी बसून वही समजावून दिली. ती म्हणाली ताई हे सगळं मोबाईलमध्ये एक्सेलला घेऊ का, मी म्हटलं घे, पण पासवर्ड लाव आणि काकांच्या अक्षरातली पानं फेकू नकोस. सोलापूरच्या आजींच्या पानावर ती थांबली, तिथे काकांनी पेन्सिलने लिहिलेलं होतं आणि खाली मी पेनाने. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला, अंगठा लागत नाही, बँकेत कागदावर. ऐकू कमी येतं, दार तीनदा वाजवायचं. चहा नको म्हणायचं नाही.